कंपौंडरांचा अंगठा

माझ्या चेहऱ्याचं जे काही वाटोळं झालं त्याला तिघं जबाबदार आहेत. एक आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजमधला फोटोग्राफर, दुसरा इंदूरचा सर्जन आणि तिसरा मी. यात माझा वाटा सगळ्यात मोठा, हे मी आता केस पिकल्यावर कबूल करतो. तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. तो चेहरा पुन्हा चारचौघांत नेण्याजोगा केला तो एका कंपौंडरांनी. त्याबद्दल मी त्यांची काय परतफेड केली, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर यायचे आणि बदलून जायचे. कंपौंडर मात्र तेच. सगळे त्यांना कंपौंडरकाका म्हणायचे. उंच, थोडे वाकलेले, डोक्यावर काळी टोपी, पांढरा कोट आणि त्याचं गळ्याजवळचं बटण जेठाच्या उन्हातसुद्धा लावलेलं. बायको फार पूर्वी गेलेली, मूल नाही. दवाखान्यामागच्या एका खोलीत राहायचे. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते तिला धरून चालत. मागच्या कॅरियरवर बाटल्यांची पेटी असायची आणि सायकल चालवली तर मिक्स्चर हिंदकळेल, हे त्यांचं कारण. पेटी रिकामी असली तरी चालतच. विचारलं तर म्हणायचे, "एकदा बसलो तर सवय बिघडते तिची." तिची म्हणजे सायकलची.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. वण राहत. रोज सकाळी ते राम घाटावर आंघोळीला जायचे, आणि पायऱ्यांवर उघड्या अंगानं बसलेल्या माणसांत त्यांना जे दिसायचं ते आपल्याला दिसायचं नाही. "तो पलीकडं सूर्याला पाणी देतोय ना, त्याचा हर्निया ग्वाल्हेरचा. टाके बघ कसे एकसारखे. आणि हा इकडचा, याच्या डॉक्टरला त्या दिवशी कुठं तरी जायचं होतं." एकदा मी बरोबर असताना आमच्या ऑफिसचे मोठे साहेब पंचा नेसून पायऱ्या उतरत होते. मी अंग चोरून एका पंड्याच्या छत्रीआड झालो. काकांनी लांबूनच हात वर केला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा साहेब, गळवाचा वण मस्त बसला हो. अब तो बैठने में तकलीफ नहीं ना?" साहेबांनी उभ्याउभ्याच बुडी मारली. ते पाण्याखाली बराच वेळ राहिले असं मला वाटलं. पुढचे काही महिने त्यांच्या खोलीत कागद घेऊन जायचं मी शक्य तेवढं टाळलं.

आता माझ्याकडे वळतो. माझ्या डाव्या जबड्याच्या कडेला, कानाखाली दोन बोटांवर, हरभऱ्याच्या डाळीएवढा मस होता. जन्मापासूनचा. पंचवीस वर्षं त्याचं आणि माझं बरं चाललं होतं. लग्नाचं बघायला लागल्यावर वडिलांनी मला फोटो काढायला धाडलं. टावर चौकाजवळचा तो फोटोग्राफर स्वतःला आर्टिस्ट म्हणवायचा. त्यानं मला न विचारता निगेटिव्हवर पेन्सिल चालवली आणि मस पुसून टाकला. फोटो हातात आला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो. इतका देखणा माणूस आमच्या घराण्यात मी पाहिला नव्हता. मी तक्रार करायला हवी होती. मी सहा प्रती काढायला सांगितल्या.

त्यातली एक सागरला गेली. तिथल्या एका मराठी शाळामास्तरांची मुलगी माझे वडील स्वतः बघून आले होते. मला जाता आलं नाही, कारण आमचं मध्य भारत राज्य त्या वर्षी मोडायचं होतं आणि भोपाळच्या नव्या मध्य प्रदेशात जायचं होतं. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, सगळीकडच्या नोकरांच्या याद्या आमच्या ऑफिसात तयार होत होत्या. रजा कोणालाच नव्हती. तेव्हा मी न जाताच, नुसत्या फोटोवर, तिकडून पसंती आली. 'मुलीला फोटो आवडला' असं पत्रात होतं. वडील म्हणाले, "चला, जमलं." पण तिला आवडलेला माणूस आमच्या घरी राहत नव्हता. आता एक तर खरं काय ते कळवायचं, नाही तर चेहरा फोटोसारखा करून घ्यायचा. पहिल्याला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी दुसरं केलं.

इंदूरचा सर्जन विलायतेहून शिकून आलेला होता. दहा मिनिटांचं काम, चार टाके. "शादी में किसी को पता भी नहीं चलेगा," तो म्हणाला. पहिला महिना खरंच काही कळलं नाही. मी फोटो आरशाच्या कडेला अडकवून दोघांची तुलना करायचो आणि खूश व्हायचो. दुसऱ्या महिन्यात वण लाल झाला. मग वर आला. मग आडवा वाढायला लागला. श्रावण संपेपर्यंत मसाच्या जागी मसाच्या चौपट, ताणलेली, गुलाबी, चकचकीत गाठ बसली होती. मस बिचारा कधी दुखला नव्हता. ही खाजायची, टोचायची, कॉलर घासली की आग व्हायची. डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. दाढी करताना वस्तरा नुसता जवळ आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी मफलर बांधून ऑफिसला जायला लागलो. आमचा म्हातारा चपरासी माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, भादवा में मफलर?" मी खोकून दाखवलं.

शेवटी एका संध्याकाळी काकांकडे गेलो. मफलर सोडला आणि म्हणालो, "काका, जरा बघता का, हे..."

"तू चूप," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यांचं हात धुणं म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. कोपरापर्यंत साबण, तोही दोनदा, आणि मग दोन्ही हात वर धरून ते वाळेपर्यंत उभं राहायचं. टॉवेलला हात लावायचा नाही. हात वाळले तसे आले, डोळे मिटले आणि अंगठा गाठीवर टेकवला.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"फार टोचते हो. रात्री तर..."

"तुला नाही विचारलं."

पुढच्या सगळ्या महिन्यांत हे असंच चाललं. ते बोलायचे गाठीशी. "आज गरम आहे. कॉलर लागली वाटतं. झोप झाली नाही हिची." मी तिथे तिला घेऊन येणारा माणूस होतो, एवढीच माझी किंमत. सुरुवातीला मला राग यायचा. मी ऑफिसात मॅट्रिक फर्स्टक्लास म्हणून ओळखला जायचो.

त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी काय काय करता येतं ते मला सांगितलं, तेही गाठीकडे बघत. "परत कापता येते. इंदूरवाला तेच म्हणेल. कापू नये. कापली की ही चिडते, आणि परत येते ती मोठी होऊन. एक्स-रेचा शेक देतात, त्यानं कधी कधी बसते. पण इथं खाली गळा आहे, आणि वय काय तर पंचवीस. मला पटत नाही. मुंबईला कुठलंसं नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, गाठीतच देतात. कंपनीवाला कागद देऊन गेला, दवा नाही देऊन गेला. जे मी पाहिलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही. मग राहिला दाब. अंगठा, तेल आणि पट्टी. बरस-सव्वा बरस."

"वर्ष? काका, मार्गशीर्षात लग्न आहे माझं."

"इसको बता. मुझे क्यों बता रहा है?" आणि मग, "टोचणं महिन्या-दीड महिन्यात कमी होईल. चपटी व्हायला वर्ष लागेल. पुसून कधीच जाणार नाही. कबूल असेल तर बस. नाही तर मफलर बांध."

मी बसलो. ते रोज संध्याकाळी तिळाचं कोमट तेल लावून दहा मिनिटं अंगठ्यानं दाबायचे. गाठ पांढरी पडेपर्यंत दाब, मग हळूहळू गोल फिरवणं, लाली आली की परत दाब. दहा मिनिटं टावरच्या घड्याळावर. ते घड्याळ चुकीचं चालायचं हे सगळ्या फ्रीगंजला ठाऊक होतं, पण काका म्हणायचे की वेळ चुकली तरी दहा मिनिटं दहाच असतात. नंतर एका जुन्या कोटाचं शिंगाचं मोठं बटण कापसात गुंडाळून गाठीवर बसवायचं आणि वरून हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोडायची नाही.

त्या पट्टीत मी दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसायचो, आणि ऑफिसनं तसंच धरलं. मी नाही म्हटलं नाही. मग सगळ्यांची औषधं सुरू झाली. एकानं तुरटी आणली, एकानं हिंग. अकाउंटवाल्यानं घरून लवंगेचं तेल आणलं आणि समोर उभा राहून, "लगाओ ना यार, अभी आराम पड़ेगा," म्हणाला. माझ्या चांगल्या दाढेला मी पंधरा दिवस लवंगेचं तेल लावलं. ती दाढ पुढे खरंच दुखायला लागली.

महिन्याभरात गाठीचं टोचणं कमी झालं. डाव्या कुशीवर झोप यायला लागली. हे मी काकांना सांगितलं नाही. नुसतं दुखणं थांबून माझं भागत नव्हतं, मला फोटो हवा होता.

दाबता दाबता काका कधी कधी बोलायचे. विषय एकच. "ड्रेसर पट्टी बांधतो. कंपौंडर औषध बनवतो. दोन्ही लागतात, पण दोन्ही एक नाहीत." हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. त्यांना कोणी चुकून ड्रेसरसाहेब म्हटलं तर ते त्याचं मिक्स्चर बनवायचे, बाटली त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "ये किसने बनाया?" उत्तर येईपर्यंत बूच द्यायचे नाहीत.

आश्विनातल्या एका मंगळवारी त्यांनी माझी पट्टी बांधून झाल्यावर पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढला. जुना, घडीवर फाटायला आलेला, मोडीत लिहिलेला. त्यांची पहिली नोकरी एका सरदारांच्या जहागिरीतल्या दवाखान्यात होती. त्या नेमणुकीचा तो हुकूम. जहागिरी गेली, दवाखाना सरकारात आला, आणि त्या वेळी कोणा कारकुनानं दवाखान्यातल्या सगळ्यांची नोंद एकाच ओळीत 'मलमपट्टी' अशी करून ठेवली होती. काका कंपौंडर आहेत हे सांगणारा जगात हा एकच कागद होता. नव्या राज्यात ज्याच्याकडे कागद नाही तो ड्रेसर धरला जाणार होता, आणि आमच्याकडचे जास्तीचे ड्रेसर जिथे जागा रिकाम्या असतील तिथे, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठवणार होते.

"तुमच्या ऑफिसात तुझ्याशिवाय मोडी कोणाला येत नाही," काका म्हणाले. "नागरीत उतर, साहेबांची सही घे आणि माझ्या सर्व्हिस बुकाला लाव. यादी सोमवारी जाणार ना?"

"हो. अर्ध्या तासाचं काम आहे, काका."

"शिप्रा सोडून आता मला कुठं जायचं नाहीये," ते त्या कागदाकडे बघत म्हणाले.

दुसरा कोणी असता तर कागद ऑफिसात रीतसर दाखल करून पोच घेतली असती. पण आमच्या उज्जैनच्या मराठी लोकांत आपल्या माणसाकडे पोच मागणं म्हणजे त्याचा अपमान. काकांनी मूळ हुकूम माझ्या हातात दिला, मी तो ऑफिसात नेला आणि टेबलाच्या खणात ठेवला. मोडी मला आजोबांनी शिकवली होती आणि त्याचा मला माज होता. शुक्रवारी निवांत, चांगल्या अक्षरात करू, असं मी ठरवलं.

बुधवारी सागरहून पत्र आलं. मुलीचे मामा दिवाळीनंतर उज्जैनला येऊन मला बघून जाणार होते.

गुरुवारी मी इंदूरला होतो. शनिवारपर्यंतच्या रजेच्या अर्जात 'तीव्र उदर-पीड़ा' असं लिहिलं होतं, आणि ते कोणी नाकारू नये म्हणून बुधवारी दुपारी पोट धरून दोन चकराही मारल्या होत्या. सर्जननं गाठ बघितली, म्हणाला, "निकाल देते हैं," आणि काढली. या वेळी सहा टाके. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला काकांचं बोलणं आठवलं का? आठवलं. मी स्वतःला सांगितलं की काका जुन्या जमान्याचे आहेत. खणातला कागद आठवला का? तोही आठवला. सोमवारी सकाळी लवकर जाऊन करू म्हटलं.

सोमवारी सकाळी मी लवकर गेलो. हेडक्लार्क म्हणाले, "याद्या तर शनिवारीच गेल्या बाबा. खास माणूस आला होता, दोन दिवस आधी हव्या होत्या म्हणे." मी खण उघडला. हुकूम होता तिथेच होता. मी बसून त्याची नागरी नक्कल केली, इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात काढलं नसेल, सही घेतली आणि टपालानं यादीच्या मागे धाडून दिली. ती कुठल्या तरी ढिगात पडणार आणि कोणी उघडणार नाही हे मला माहीत होतं. तसल्या ढिगांवर माझंच पोट चालत होतं.

संध्याकाळी काकांकडे गेलो. त्यांनी मूळ हुकूम परत घेतला, डब्यात ठेवला आणि विचारलं, "गेली का नक्कल?"

"गेली," मी म्हणालो. गेली होतीच. यादीनंतर दोन दिवसांनी गेली, एवढंच मी गाळलं.

मग त्यांनी माझी इंदूरची पट्टी सोडली. "जल्दी किसको थी?" त्यांनी गाठ होती त्या जागेला विचारलं. जागा काय बोलणार. ते उठले, हात धुतले, वाळवले, आणि परत जाऊन पुन्हा धुतले. तीन आठवडे मला येऊ नकोस म्हणाले. टाके भरल्यावर ये.

दिवाळीनंतर मामा आले, त्यांना बारीकशी रेघ दिसली, ते जिलबी खाऊन पसंत करून गेले. मला वाटलं मी जिंकलो. मार्गशीर्षात लग्न उभं राहिलं तोवर रेघ लाल होऊन फुगायला लागली होती. मला मुंडावळ्यांचा आधार झाला. माळा दोन्ही गालांवर लोंबतात, आणि मी मान डावीकडे कलती ठेवली की सगळं झाकलं जायचं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी काही तरी ऐकायचा प्रयत्न करतोय असा दिसतो. विधी संपले, जेवणं झाली, तरी मी मुंडावळ्या सोडेना. सासरचे म्हणाले, किती हौशी जावई आहे.

चौथ्या दिवशी बायकोनं सरळ विचारलं, "अहो, हे गालाखाली काय झालंय?"

"दाढी करताना कापलं," मी म्हणालो. संध्याकाळी काकांकडे जायचो ते पाय मोकळे करायला म्हणून. काकांनी पुन्हा दाबायला सुरुवात केली होती. अंगठा तोच, तेल तेच, बटण तेच. फक्त पट्टी आता मी घराच्या कोपऱ्यावर सोडून खिशात घालायचो. गाठ आता पहिलीपेक्षा मोठी झाली होती आणि टोचायचीही जास्त. काका त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. यादीबद्दलही विचारलं नाही. मला वाटलं, विसरले.

पौषात हुकूम आला. काका ड्रेसर ठरले होते आणि बदली बस्तरमधल्या कुठल्याशा तहसिलीत. तो कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मी त्यावर आवक नंबर घातला. तीन दिवस काकांकडे गेलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते सायकल धरून आमच्या दारात आले. बायकोनं दार उघडलं. ते म्हणाले, "सूनबाई, हात धुऊन या. कोपरापर्यंत. टॉवेलला लावू नका."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्चीत बसलो होतो. ती हात धुऊन, वर धरून आली. काकांनी मला कॉलर खाली करायला लावली. "मी परवा चाललो," त्यांनी तिला सांगितलं. "हिला आता कोणाच्या तरी हातात देऊन जायला पाहिजे. हा स्वतः करणार नाही. इथं आधी मस होता. तो इंदूरला कापला, तेव्हा ही आली. दाबून बसत होती, तर परत जाऊन कापली. मतलब आता नाराज आहे. कापायची नाही, आणि हा कापतो म्हणाला तरी ऐकायचं नाही."

माझं सगळं पाच वाक्यांत बाहेर पडलं. बायकोनं स्टूल ओढलं आणि बसली. काकांनी तिचा अंगठा धरून गाठीवर ठेवला. "इतका दाब. पांढरी पडू दे. हां. आता गोल." ती पटकन शिकली.

"पण काका, या वयात एवढ्या लांब बदली?" तिनं गाठीवरून नजर न काढता विचारलं.

"ड्रेसर लोकांना तिकडेच जागा होती."

"तुम्ही तर कंपौंडर ना? इथं सगळे तसंच म्हणतात."

काका दाराकडे बघायला लागले. बाहेर सायकल भिंतीला टेकवलेली दिसत होती, मागे पेटी बांधलेली. मी गप्प बसलो असतो तर तेही गप्पच बसले असते, आणि परवा निघून गेले असते. माझी तेवढी तयारी होती, हे मला आज लिहिताना लाज वाटते.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. खण, इंदूर, पोटदुखी, मामा. फोटो पण सांगितला. सांगता सांगता तिचा अंगठा वर आला.

"ढिला पडला, सूनबाई," काका म्हणाले.

तिनं परत टेकवला. मी काकांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या हेडक्लार्कच्या तळहाताला मीच टाके घातलेत. यादी गेली त्याच आठवड्यात बोलला तो."

"मग इतके दिवस माझी गाठ दाबत राहिलात? विचारलं का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून बघत होतो. वेळ लागतो." मग त्यांनी नजर गाठीवरून उचलली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलत होते. "दुख तो हुआ मुझे," ते म्हणाले. "नहीं हुआ, ऐसा नहीं है."

मी रडलो. पंचविशीतला, सरकारी नोकरीतला, मॅट्रिक फर्स्टक्लास माणूस खुर्चीत बसून बायकोसमोर हमसून रडलो. तिनं रडू दिलं. अंगठा मात्र काढला नाही, उलट होता नव्हता तेवढा जोर लावला. तो जोर उपचारापेक्षा बराच जास्त होता आणि काकांनी तिला कमी कर म्हटलं नाही.

काका गेल्यावर ती म्हणाली, "अर्ज लिहा. साहेबांना. आजच्या आज, खरं कारण घालून."

"खोटी रजा घेतली हे लिहून द्यायचं? नोकरीवर येईल."

"येऊ द्या."

अर्ज हिंदीत लिहायचा होता. कोणता कागद कधी आला, कोणाच्या खणात राहिला, यादी केव्हा गेली, हे सगळं मी पंधरा मिनिटांत उतरवलं. रजेच्या कारणापाशी अडलो. आधी 'अपरिहार्य घरेलू कारण' लिहिलं. तिनं खोडलं. मग 'छोटी-सी शल्यक्रिया' लिहिलं. तेही खोडलं. दुपार उलटून गेली. शेवटी जे लिहिलं ते तिनं दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे सही करायला ठेवलं. साहेबांनी ते वाचून माझ्याकडे वर मान करून बघितलं आणि विचारलं, "यह सच है?" मी मान वळवून जबडा दाखवला.

माझी बढती अडली ती तीन वर्षं अडली, आणि ते योग्यच झालं. भोपाळहून उत्तर यायला चौदा महिने लागले. कागदावर काका परत कंपौंडर झाले, पण तिकडेच, कारण उज्जैनची त्यांची जागा तोवर भरली गेली होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते तिकडेच तापानं गेले. त्यांना शिप्रा परत मिळाली नाही. माझी गाठ सव्वा वर्षात चपटी झाली आणि दुखायची थांबली. आता तिथे एक फिकट पट्टा आहे, फोटोत दिसतो. त्या अर्जाची नक्कल माझ्या सर्व्हिस बुकाला जोडलेली होती आणि रिटायर झालो त्या दिवशी मी ती पुन्हा वाचली. तिच्यातलं एक वाक्य मला तसंही पाठ होतं: 'प्रार्थी ने उक्त अवकाश उदर-पीड़ा के कारण नहीं, अपने रूप के मोह में लिया था, और इसका दंड दूसरे को मिला है।'